चार अंशांवरची बाटली

अडतीस वर्षांत रायली हुह्तालानं एकसष्ट वह्या भरल्या होत्या. नोकरीचे शेवटचे पंधरा दिवस उरले तेव्हा त्या सगळ्या पुसून, क्रमानं लावून, खोक्यांत भरून दफ्तरखान्यात पाठवायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं. काम म्हणजे काय, कोणी न वाचलेल्या गोष्टी कोणी न उघडणाऱ्या कपाटात नेऊन ठेवायच्या. दुसरी कोणी असती तर तासाभरात खोकी भरून मोकळी झाली असती. रायली एकेक वही उघडून पानं मोजत होती, शेवटच्या पानावर सही आहे ना ते बघत होती. घरी लवकर जाऊन तरी काय करायचं होतं?

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘तराजू’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही ते मनातून आवडायचं. द्रावणं तयार करायची, मोजायची, बाटलीवर चिठ्ठी लावायची, एवढंच तिचं काम. पण रायलीची चिठ्ठी लागली की त्या बाटलीकडे कोणी पुन्हा संशयानं बघत नसे. पोरं यायची, डॉक्टरेट घेऊन जायची, रायली तिथेच असायची. साडेनऊच्या आणि दीडच्या कॉफीला ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसे, आणि गेली काही वर्षं त्या टेबलाशी ती एकटीच असे. तरुण मंडळी फोनमध्ये डोकं खुपसून पलीकडे बसत. त्यांच्यात वाईट कोणी नव्हतं. तिच्याशी दोन शब्द बोलावेत असं मात्र कोणाला सुचत नसे.

पूर्वी ओनेर्वा यायची. सात वर्षांपूर्वी ती इथे डॉक्टरेट करत होती. उंच, केस कायम डोळ्यांवर, आणि हसायला लागली की थांबायची नाही. येताना वेलदोड्याचा गोड पाव घेऊन यायची आणि अर्धा मोडून रायलीपुढे ठेवायची.

"खा. तुझं माप चुकायला नको," म्हणायची.

ओनेर्वाचं काम असं होतं की कर्करोगाच्या औषधासाठी डोळ्यांना न दिसणारी एक पुडी बनवायची. ही पुडी रक्तातून जाताना घट्ट मिटलेली राहायला हवी, आणि गाठीपाशी पोचली की उघडायला हवी. आता पुडीला गाठ कळणार कशी? तर गाठीच्या आजूबाजूचं पाणी रक्तापेक्षा किंचित आंबट असतं. आंबटपणा मोजायचा जो पीएच नावाचा आकडा आहे, तो रक्ताचा सात पॉइंट चार, आणि गाठीपाशी साडेसहाच्या आसपास. आकडा जितका खाली, तितका आंबटपणा जास्त. जिभेला कळणारही नाही एवढासा हा फरक ओनेर्वाच्या पुडीला कळायला हवा होता.

या पुडीची रायलीला सगळ्यांपेक्षा जास्त आस होती. तिचा नवरा उर्हो लिम्फोमा या कर्करोगानं आजारी होता. गाठीवर म्हणून दिलेलं लाल औषध सलाइनमधून त्याच्या अंगभर फिरलं. गाठी विरघळल्या, पण त्याच औषधानं हृदय खिळखिळं केलं, आणि एका एप्रिलमध्ये उर्हो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्याबसल्या गेला.

"त्या औषधाला पत्ताच ठाऊक नाही गं," रायली एकदा कॉफी पिताना म्हणाली होती.

"आपण शिकवू त्याला पत्ता," ओनेर्वा म्हणाली. "पुडी माझी, मापं तुझी."

पण पुडी फसली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ओनेर्वानं शेवटची चाचणी केली. रायलीनं ‘गाठ’ लिहिलेल्या बाटलीतल्या द्रावणात पुडी उघडली, ते ठीकच होतं. पण ‘रक्त’ लिहिलेल्या बाटलीतल्या द्रावणातही उघडली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. जी पुडी रक्तातच उघडते ती घेऊन काय करायचं! निधी थांबला, प्रोफेसरनं विषय गुंडाळला, आणि ओनेर्वा डॉक्टरेट अर्धी टाकून गेली. शेजारच्या गावातल्या पोहण्याच्या तलावावर पाण्याची देखभाल करायला लागली, असं कानावर आलं.

पहिल्याच ख्रिसमसला तिचं कार्ड आलं. आत लिहिलं होतं, "रायली, माझ्या डोक्याला ते झेपलं नाही. तू उगाच माझ्यासाठी राबलीस. तुझ्या मापांवर मात्र मी कधी शंका घेतली नाही." त्यानंतर दर वर्षी कार्ड येई. रायलीला येणारं ते एकमेव कार्ड. ती ते फ्रिजवर लावायची आणि पुढचं येईपर्यंत काढायची नाही.

आता शुक्रवारी दुपारी सत्तेचाळिसावी वही तपासताना रायलीच्या हाताला ते पान लागलं. तिचंच अक्षर, नेटकं, सरळ रेषेत. "रक्त. पाच लिटर. फॉस्फेट शिल्लक नाही, भांडार बंद, म्हणून ट्रिस. पीएच ७.४०. तापमान ४ अंश."

तिनं वाचलं आणि वही मिटली. मग पुन्हा उघडली.

फॉस्फेटच्या जागी घेतलेल्या ट्रिस नावाच्या त्या पावडरीला एक वाईट खोड आहे. गारठ्यात तिच्या द्रावणाचा आकडा चढा असतो, ऊब लागली की तो उतरतो. चार अंशांच्या कोल्ड रूममध्ये सात पॉइंट चार दाखवणारं द्रावण माणसाच्या अंगाएवढं, सदतीस अंशांपर्यंत तापवलं, की ते साडेसहावर येतं. आणि साडेसहा म्हणजे गाठ. बाटलीवर ‘रक्त’ लिहिलेलं होतं, पण चाचणीच्या वेळी आत गाठीचाच आंबटपणा होता. ओनेर्वाची पुडी फसली नव्हती. तिनं आंबट ओळखलं आणि ती उघडली. तीनही वेळा उघडली, कारण तीनही वेळा त्याच एका पाच लिटरच्या बाटलीतून घेतलं होतं.

हे रायलीला माहीत नव्हतं असं म्हणावं, तर तीच नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात दटावायची. "ट्रिस कोल्ड रूममध्ये मोजायचं नाही. आणि दुसऱ्यानं सांगितलेला आकडा स्वतः मोजल्याशिवाय वहीत चढवायचा नाही, मग सांगणारा कोणीही असो." ओनेर्वालाही तिनं हेच ऐकवलं होतं.

मग तिला तो जुलै आठवला. जुलैत, उन्हाळ्याच्या सुटीत, इथे कामावर कुत्रंसुद्धा नसतं. सगळे तळ्याकाठच्या आपापल्या लाकडी घरांत जाऊन बसतात, भांडाराला कुलूप, दरवाजावर चिठ्ठी. रायलीचंही असं एक घर होतं. उर्होला जाऊन तीन महिने झाले होते. ती एक दिवस गेली, दाराशी त्याचे रबरी बूट उभे दिसले, आणि तिनं कुलूपही न काढता परतीची बस धरली. दुसऱ्या दिवशी कामावर आली. त्या वर्षी उकाड्यानं कहर केला होता, वरच्या मजल्यावर बत्तीस अंश. तिनं पीएच मीटर उचललं, उर्होचं लोकरी जॅकेट अंगात घातलं आणि ती कोल्ड रूममध्ये जाऊन बसली. तिथे यंत्राची घरघर असे, आणि माणूस नसल्याचं तिथे काही वाटत नसे, कारण तिथे कधी कोणी बसतच नाही. तीन आठवडे तिनं तिथेच काम केलं. त्या अख्ख्या वर्षात तिला बरं वाटलं ते तेवढेच तीन आठवडे. त्यातल्याच एका दिवशी तिनं ती बाटली भरली होती. तापमानही लिहिलं होतं, कारण ती सगळंच लिहायची. लिहिलेलं वाचायचं मात्र राहून गेलं.

शनिवारी इमारतीत कोणी नव्हतं. रायलीनं सगळ्यात थंड फ्रीजरचा तळ उपसला आणि ओनेर्वाच्या अक्षरातली ‘ओ-३१’ अशी चिठ्ठी असलेली इवलीशी कुपी शोधून काढली. तळाशी चिमूटभर लालसर पूड होती, म्हणजे तसल्या लाखो पुड्या. ही लाली औषधाचीच. पुडी मिटलेली असली की लाल रंग आत राहतो, उघडली की बाहेरचं पाणी गुलाबी होतं. बघायला कुठलं यंत्रही लागत नाही, डोळे पुरतात.

तिनं तीन बीकर मांडले. एकात रक्ताचं द्रावण, या वेळी सदतीस अंशांना नीट मोजून. दुसऱ्यात गाठीचं. तिसऱ्यात ट्रिस, कोल्ड रूममध्ये जाऊन, अगदी त्या जुलैसारखं चार अंशांना मोजून आणलेलं. तिन्ही बीकर गरम पाण्यात ठेवले, प्रत्येकात ती पूड भरलेली, रंग बाहेर झिरपू देणारी एकेक पातळ पिशवी सोडली आणि ती स्टुलावर बसली. अर्ध्या तासात दुसरा बीकर गुलाबी व्हायला लागला. तिसराही झाला, त्याच्या बरोबरीनं, जुळ्या भावासारखा. पहिला तसाच होता. दहाला तसाच, बाराला तसाच. दोन वाजता तिनं तो उजेडात धरून बघितला. नितळ पाणी. पाच तास पुडी दात आवळून मिटलेली होती, तीही सात वर्षं फ्रीजरच्या तळाशी काढून.

रायलीला रडू कोसळलं. पुडी खरी ठरल्याचा आनंद होता की लाज, ते तिचं तिलाही कळलं नाही. उर्हो गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. मग तिनं तोंड धुतलं, तिन्ही बीकरांचा फोनवर फोटो काढला आणि भांडी घासून जागेवर ठेवली.

सोमवारी तिनं प्रोफेसरच्या दारावर टकटक केली. प्रोफेसर सिक्स्टेन पासष्टीचा, गुबगुबीत, मायाळू माणूस. इथे प्रोफेसरलाही अरे-तुरेच चालतं. त्यानं वही वाचली, फोटो बघितला, चष्मा कपाळावर सरकवला.

"अरेरे," तो म्हणाला. "अरेरे, रायली."

"पुडी चांगली होती, सिक्स्टेन."

"दिसतंय खरं. पण आता बघ, चार वर्षांपूर्वी बाहेरच्या एका गटानं अशीच पुडी केली. आपल्यापेक्षा बरी केली. जग पुढे गेलं. यातून आता काही निघणार नाही."

"मी जगाचं म्हणत नाहीये. ओनेर्वाचं म्हणतेय."

सिक्स्टेननं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर नोव्हेंबरचा चिखल होता, बर्फही नाही आणि पाऊसही नाही. "तिला सांगून तिच्या पदरात काय पडणार? डॉक्टरेट परत मिळणार? बिचारी आता सुखात असेल."

"ती सुखात आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पण असेल ना!" त्यानं वही हलकेच तिच्याकडे सरकवली. "शुक्रवारी तुझा निरोपसमारंभ आहे. तू आता सुटलीस. कशाला जुनी मढी उकरतेस? खोक्यात घाल आणि दे पाठवून."

सल्ला वाईट हेतूनं दिलेला नव्हता, आणि खोटं कशाला सांगू, रायलीला तो घ्यावासाही वाटला. ते पान पुन्हा कोणी उघडलं नसतं. ख्रिसमस महिन्यावर आला होता. गप्प बसलं तर कार्ड येणार होतं, फ्रिजवर लागणार होतं. बोललं तर तिला ‘तुझ्या मापांवर शंका घेतली नाही’ म्हणणारं एकमेव माणूस जाणार होतं. पण गप्प बसलं तर ते माणूस मरेपर्यंत स्वतःला ढ समजत राहणार होतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस गेले. वही खोक्यात न जाता तिच्या पिशवीत राहिली.

निरोपाला ओनेर्वालाही बोलावणं होतं. तिनं कळवलं होतं की शुक्रवारी ड्यूटी आहे, जमणार नाही. बाकी सगळे आले होते. पावात सॅमन मासा आणि सायीचे थर लावलेला मोठा खारा केक, कॉफीचे दोन थर्मास, कागदी बशा. सिक्स्टेन चमच्यानं कप वाजवून उभा राहिला आणि त्यानं कापड ओढून भेटवस्तू उघडी केली. कोल्ड रूममधलं जुनं पीएच मीटर, बर्चच्या लाकडी फळीवर बसवलेलं, खाली पितळी पट्टी. ‘रायली. अडतीस वर्षं. एकही चूक नाही.’

टाळ्या पडल्या. रायली त्या मीटरकडे बघत राहिली. त्यानं बिचाऱ्यानं काही खोटं दाखवलं नव्हतं. चार अंशांना सात पॉइंट चार म्हणजे सात पॉइंट चारच होतं.

"एक आहे," ती म्हणाली.

"काय?"

"चूक. एक आहे. मोठी आहे. ओनेर्वाच्या त्या..."

पण तोवर हशा पिकला होता. "बघा! हीच आपली रायली!" कोणीतरी ओरडलं. "एक तरी कबूल करून ठेवते, उगाच गर्व नको!" आमच्या लोकांची ही जुनी खोड आहे. स्वतःची स्तुती ऐकली की अंगावर पाल पडल्यासारखं करतात, आणि कोणी आपली चूक सांगितली की तो विनय समजून टाळ्या पिटतात. सिक्स्टेन तेवढा हसला नाही. त्यानं खाली बघितलं आणि सुरी तिच्या हातात दिली. रायलीनं केक कापला. आणखी एकदा मोठ्यानं सांगितलं असतं तर ऐकलंही असतं कोणी. तिनं सांगितलं नाही. पंचवीस जणांना बशा वाटताना तिला एक कळलं, की हे इथे सांगायचं नव्हतंच. ज्याचं त्यालाच सांगायला हवं.

सोमवारी, निवृत्तीच्या पहिल्या दिवशी, तिनं नेहमीच्या वेळेला घर सोडलं आणि दुसऱ्या दिशेची बस धरली. पिशवीत सत्तेचाळिसावी वही होती.

तलावाच्या दाराशी बूट काढावे लागले. मोजे घालून ओल्या फरशीवरून ती आत गेली, तेव्हा पलीकडून निळा टी-शर्ट आणि प्लास्टिकच्या चपला घातलेली एक उंच बाई बादली घेऊन येताना दिसली. केस आता आखूड कापलेले होते.

"रायली?" बादली खाली ठेवली गेली. "अगंबाई! रायलीच! निरोपाला आले नाही म्हणून भांडायला आलीस होय?"

"भांडायला नाही. बोलायचंय."

"मग चल खाली. इथे पोरांच्या किंचाळण्यात स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही."

खाली पंपांची खोली होती. उबदार, क्लोरीनच्या वासाची. एका टेबलावर पाण्याची नोंदवही, काचेच्या छोट्या बाटल्या, गोळ्यांचं पाकीट, आणि एका कागदात गुंडाळलेला अर्धा गोड पाव. ओनेर्वानं स्टूल पुढे केलं, पाव मोडला आणि अर्धा तिच्यापुढे ठेवला. रायलीला तो खाववेना.

"आधी हे वाच," ती म्हणाली, आणि तिनं वही उघडून दिली.

ओनेर्वानं वाचलं. एवढंसं पान, वाचायला कितीसा वेळ लागतो? ती बराच वेळ वाचत होती. पंप चालू होते.

"चार अंश," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"ट्रिस."

"फॉस्फेट संपलं होतं. जुलै होता. मी कोल्ड रूममध्ये बसून..." रायलीला पुढचं सांगायचं होतं, उकाडा, बूट, जॅकेट. पण ते सगळं सबबीसारखं वाटायला लागलं आणि ती थांबली. "चूक माझी आहे, ओनेर्वा. तुझी पुडी चांगली होती. गेल्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी मी करून बघितलं."

तिनं फोनवरचा फोटो पुढे केला. ओनेर्वानं फोन हातात घेतला आणि दोन बोटांनी पहिला बीकर मोठा केला.

"हा नीट मोजलेला?"

"हो. सदतीसला."

"किती वेळ?"

"पाच तास. थेंबभर रंग आला नाही."

ओनेर्वानं फोन टेबलावर उलटा ठेवला, मग सुलटा केला, मग परत उलटा. "मी ते परत मोजायला हवं होतं. सदतीसला नेल्यावर. पहिल्या वर्षाचं कोणीही मोजतं. तूच शिकवलं होतंस."

"मग का नाही मोजलंस?"

"तुझी बाटली होती ना."

रायलीनं वही आपल्याकडे ओढून मिटली.

"सात वर्षं," ओनेर्वा म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर रायलीला बरं वाटलं असतं. "सात वर्षं आई विचारते, का सोडलंस गं? मी म्हणते, डोकं कमी पडलं. इतक्यांदा म्हटलं की आता ते खरंच वाटतं. इथला तो नवा कंट्रोल पॅनल शिकायचं प्रशिक्षण होतं, मी नावच दिलं नाही. म्हटलं, आपल्याला कुठलं जमायला!" तिनं डोळे पुसले. "आणि तू? तू एकदाही ही वही उघडून बघितली नाहीस? माझं सगळं बुडालं तेव्हा तुला नाही वाटलं, आपलंही काही चुकलं असेल?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. रायली बोलली नाही.

"नाही वाटलं. मला वाटलं, तुझंच चुकलं असणार."

ओनेर्वानं मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं बाकी होतं. वर पोरं पाण्यात उड्या मारत होती, त्याचे धप धप आवाज छतातून येत होते. रायलीला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. सात वर्षांपूर्वी तिनं ठेवलाही असता.

टेबलावरचं घड्याळ वाजलं. अकरा. ओनेर्वा उठली, कारण अकराचं माप अकरालाच घ्यावं लागतं, मग आभाळ का कोसळेना. तिनं नळातून दोन छोट्या बाटल्या भरून आणल्या आणि टेबलावर ठेवल्या. रायलीचा हात सवयीनंच पुढे झाला. तिनं एक बाटली उचलली, पाकिटातली गोळी टाकली, हलवली आणि पाण्याला आलेला रंग पीएचच्या तक्त्याशी धरला.

"सात पॉइंट दोन," ती म्हणाली.

ओनेर्वानं पेन हातात घेतलं होतं. ते कागदावर टेकलं नाही. तिनं ते खाली ठेवलं, दुसरी बाटली उचलली, स्वतः गोळी टाकली, हलवली, डोळ्यांसमोर धरली आणि बराच वेळ बघितली. मग तिनं नोंदवहीत लिहिलं, सात पॉइंट दोन, आणि शेजारी पाण्याचं तापमान.

अडतीस वर्षांत रायलीनं सांगितलेला आकडा तिच्यासमोर कोणी पुन्हा मोजला नव्हता. असंच करायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. तिनंच शिकवलं होतं. तरी ती बाटली हातात धरून तशीच उभी राहिली, आणि ती कुठे ठेवायची ते तिला समजेना.